पायथ्याशी बसा, म्हणजे दिसाल

मणक्याचं हाड दबलं की डॉक्टर पुष्कळ सांगतात. उताणं पडायचं. उठायचं तर आधी कुशीवर वळायचं, मग टेलर ब्रेस बांधायचा, मगच पाय खाली सोडायचे. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, कॅल्शियम चुकवायचं नाही. उताण्या माणसाने दिवसभर बघायचं काय, हे मात्र त्या चिठ्ठीत नसतं. बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या आमच्या बेडरूमचं छत पांढरं आहे आणि त्याला मधोमध एक पंखा आहे. एवढ्यात त्याचं वर्णन संपतं. हात वर ताणून पुस्तक धरलं की दोन पानांत दंड भरून येतात. डोक्याखाली उशा रचून मान वर करावी, तर डॉक्टरांनी नेमकं तेच नको म्हटलेलं.

मुलीने पुण्याहून ऑनलाइन मागवून दिलेल्या प्रिझमच्या चष्म्याने यातून वाट काढली. डोळे छताकडे आणि नजर पायांकडे, एवढंच त्याचं काम. काटकोनात वळलेली नजर. खोक्यावर त्याला आळशांचा चष्मा म्हटलं होतं, ते मला आवडलं नाही. कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधला १९३६ सालचा एक फोटो प्रसिद्ध आहे, अंथरुणात पडून वाचण्यासाठी बनवलेल्या ‘हॅम्ब्लिन’ चष्म्याचा. तेव्हा तो आजाऱ्यांसाठी होता. आता मोबाइलवाल्यांसाठी विकतात.

मणका असो, खुब्याचं हाड असो, ज्यांना काही काळ छताशी संसार करायचा आहे त्यांच्या उपयोगी पडतील अशा चार गोष्टी लिहून ठेवते. चाराहून जास्त होतील.

१. आधी गज बघावा, मग अक्षर

साध्या आरशात अक्षरं उलटी दिसतात. पोलिओच्या साथीत परदेशातल्या इस्पितळांत ‘आयर्न लंग’ नावाच्या पेटीत माणसांना झोपवून ठेवत, तेव्हा त्यांच्या डोक्यावर आरसा बसवलेला असे. त्यात खोली दिसायची, दार दिसायचं, पण डाव्याचं उजवं होऊन. प्रिझमच्या आत किरण दोनदा परावर्तित होतो, त्यामुळे उलट्याचं परत सुलट होतं आणि ‘श’ हा ‘श’च दिसतो.

पण दोन डोळ्यांचे दोन प्रिझम एकाच पातळीत बसलेले हवेत. पाचसातशे रुपयांच्या चष्म्यात एखादा प्रिझम केसभर तिरका चिकटवलेला असू शकतो. दोन डोळ्यांना एकच वस्तू थोडी वरखाली दिसली, तर ती जुळवून घेणं डोळ्यांना फार जड जातं. मग अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागतं आणि माणूस म्हणतो, मला असले चष्मे सोसत नाहीत. म्हणून आल्या आल्या चष्मा लावून पायाकडच्या खिडकीचा आडवा गज बघावा. एकदा डावा डोळा मिटावा, एकदा उजवा. गज उडी मारतो का बघावं. मारत असेल तर चष्मा परत पाठवावा. आमचा पहिला परत गेला, दुसरा राहिला.

काचेचा प्रिझम स्वच्छ दिसतो पण नाकाला भारी. अॅक्रिलिकचा हलका, पण पदराने पुसला की चरे पडतात. नाक माझं आहे, म्हणून मी हलका घेतला आणि पुसायला मऊ मलमल ठेवली.

२. रोजच्या चष्म्याचा जवळचा नंबर इथे कामाचा नाही

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, आणि खोक्यावर तो कुठेच छापलेला नव्हता. साठीच्या आसपासच्या बहुतेकांचा चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असतो. त्यात वाचायचा नंबर काचेच्या खालच्या भागात. आपण एरवी वाचताना डोळे खाली वळवतो, म्हणून तो सापडतो. प्रिझममधून बघताना डोळे खाली वळवावेच लागत नाहीत, तीच तर त्याची सोय आहे. म्हणजे बघतो आपण काचेच्या मधल्या, लांबच्या नंबरातून, आणि हातभरावरचं पुस्तक सगळं धुकट.

त्यासाठी फक्त जवळच्या नंबराचा साधा चष्मा लागतो, आणि त्याच्यावर प्रिझमचा. संपिगे रोडच्या बाजूला आमचे नेहमीचे चष्मेवाले आहेत. आमच्या ह्यांनी त्यांना सगळं सांगितल्यावर त्यांनी उलट विचारलं, पुस्तक डोळ्यापासून किती लांब असणार? वाचायचा नंबर साधारण ४० सेंटिमीटर अंतर धरून काढतात. पुस्तक पोटावर ठेवलं तर अंतर त्याहून वाढतं, मांडीवर गेलं तर दुप्पट होतं. तेव्हा ह्यांनी शिवणाची टेप आणली आणि माझ्या भुवईपासून बेंबीच्या वरपर्यंत अंतर मोजलं. घरकामाच्या बाई दारात झाडू घेऊन उभ्या होत्या. “अय्यो, एनम्मा इदु?” म्हणाल्या, म्हणजे अगंबाई, हे काय. ब्लाऊजचं माप घ्यायची ही कुठली पद्धत, असं त्यांना वाटलं असणार.

ते माप घेऊन नंबर थोडा कमी करून मिळाला, आणि पहिल्यांदा ओळी काळ्याभोर दिसल्या. स्वस्तातली फ्रेम, एकच नंबर, खर्च फार नाही. टीव्हीला मात्र लांबचाच चष्मा लागतो, तिथे आपला रोजचा चालतो.

३. उशी जाड केली की दृश्य खाली घसरतं

सवयीने हात उशीकडे जातो. नीट दिसत नाही, तर उशी वाढवू. इथे ते उलटं आहे. डोकं वर उचललं जातं तेवढी प्रिझममधली नजर खाली झुकते आणि टीव्हीच्या जागी आपलंच पांघरूण दिसायला लागतं. पाठ सपाट, मान सपाट, फार तर एक पातळ उशी. पुस्तक पोटावर असेल तर पातळ उशी चालते, कारण बघायचं थोडं खालीच असतं. टीव्ही भिंतीवर उंच असेल तर तीही काढावी. मणक्याला जे हवं तेच चष्म्याला हवं, हा योग बरा आहे.

आणि हे फक्त उताण्या माणसासाठी. कुशीवर वळून बघायला गेलं की टीव्हीतली माणसंही आडवी पडतात.

४. पुस्तक उभं कशावर करायचं, हा खरा प्रश्न

नजर वळली, पण पुस्तक धरायचं कुणी? हात पोटावर ठेवून पुस्तक उभं धरलं तर पहिली काही पानं बरं वाटतं, नंतर अंगठे दुखतात. लॅपटॉपची घडीची टेबलं मिळतात, त्यांचे पाय कमरेच्या दोन बाजूंना येतात आणि वर पुस्तक बसतं, पण ते मागे कलतं. प्रिझमला पान जवळजवळ ताठ उभं लागतं.

घरात पुस्तक तिरपं उभं करायची एकच वस्तू होती: सासूबाईंचं पोथीचं व्यासपीठ. घडीचं, शिसवी, त्यांच्या माहेरचं. त्यावर ज्ञानेश्वरी असते. मागायची कशी? ह्यांनी मागितलं. सासूबाई म्हणाल्या, “पोथीच्या जागेवर तू दिवाळी अंक ठेवणार?” मी म्हटलं, कथाकादंबऱ्या ठेवणार नाही, नुसते लेख वाचेन. त्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि व्यासपीठ पाठवलं, खाली धुतलेला पंचा घालायच्या अटीवर. अट आजवर पाळली आहे. लेखांपुरतंच वाचायची मात्र पाळली गेली नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

व्यासपीठाचा कोन पुस्तकाला थोडा तिरपा पडतो, म्हणून त्याच्या मागच्या पायांखाली घडी केलेला टॉवेल सरकवला. मग जमलं.

पुस्तकापुस्तकात फरक आहे. जाड, पक्क्या बांधणीचं पुस्तक उभं राहतं, पण पोटावर वजन जाणवतं आणि मधल्या घळीतली अक्षरं प्रिझममध्ये येत नाहीत. पातळ कवितासंग्रह आपोआप मिटतो. दिवाळी अंक सगळ्यात लबाड. आकार मोठा, अक्षर मोठं, दोन रकाने, म्हणजे वाचायला उत्तम, पण कमरेत दम नाही, वरून कोसळतो. त्याला मागे लिहायचं पॅड लावून वरच्या दोन कोपऱ्यांना कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळातल्या ओळखीच्या बाईंनी अंकांची पिशवीच पाठवली होती, त्यामुळे चिमट्यांचा सराव भरपूर झाला. पान उलटताना एक चिमटा काढायचा, पान सरकवायचं, परत लावायचा. डावं-उजवं सुलट दिसत असल्यामुळे हात चुकत नाही.

मुलीचा आग्रह किंडलचा. वजनाला हलकं, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, पान बोटाने उलटतं. अॅमेझॉनने २०१६ साली किंडलवर मराठी पुस्तकं आणली, त्यामुळे माझी सबब चालली नाही. या कामाला ते सगळ्यात सोयीचं आहे हे कबूल करते. वाचते मात्र दिवाळी अंक. फोनसुद्धा पोटावर उभा करून बघता येतो आणि तोंडावर पडत नाही, हा चष्म्याचा गुण.

५. दिवा उशाकडून

पान आपल्याकडे तोंड करून उभं असतं, म्हणजे उजेड आपल्या डोक्याच्या बाजूनेच यायला हवा. पायाकडचा दिवा प्रिझममध्ये शिरतो आणि सगळं पांढरं होतं. छतातला दिवा प्रिझमच्या वरच्या कडेतून डोळ्यात घुसतो. पलंगाच्या डोक्याकडच्या फळीला चिमट्याने लावायचा, चार्जिंगचा छोटा दिवा सगळ्यात चांगला. इथल्या वीज कंपनीने, बेसकॉमने, वीज घालवली तरी चालू राहतो.

६. टीव्ही आणि दक्षिण दिशा

आमच्या बेडरूममध्ये टीव्ही लावायला सोयीची भिंत एकच, दक्षिणेची. टीव्ही समोर हवा म्हणजे पाय दक्षिणेकडे. सासूबाईंनी दारातून बघूनच सांगितलं, “असं झोपवू नका तिला.” दक्षिणेकडे पाय करून कुणाला निजवतात ते मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ह्यांनी विज्ञानाची बाजू मांडायला सुरुवात केली. मी डोळ्यांनीच गप्प बसा म्हटलं. मणका दबलेली बाई घरात असताना अशा चर्चेत जिंकून काय मिळणार? पलंग होता तसाच ठेवला आणि टीव्ही एका उंच स्टुलावर कपाटासमोर आणला. कपाट उघडायचं झालं की टीव्ही हलवावा लागे. साड्यांचा उपयोग तसाही नव्हता.

प्रिझममधून दिसणारी चौकट लहान असते. फार मोठा टीव्ही फार जवळ असला तर कडा कापल्या जातात आणि खाली धावणाऱ्या बातम्या वाचायला डोळे ताणावे लागतात. क्रिकेटला अडचण नाही. धावसंख्या न बघताही ह्यांच्या ओरडण्यावरून कळत होती.

७. भेटायला येणाऱ्याला पायथ्याशी बसवावं

आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस खुर्ची ओढून उशाजवळ बसतो. तीच आपली रीत. आता हा चष्मा लावलेली मी, डोळे छताकडे, नजर दाराकडे. दारातून कोण आलं ते मला त्याच्या आधी कळतं. पण ते माणूस आत येऊन उशाशी बसलं की माझ्या दृष्टीने नाहीसं होतं, आणि त्याला काय दिसतं, तर नाकावर दोन ठोकळे घेऊन छताकडे टक लावून पडलेली बाई. आवाज येतो, हो-हो म्हणते, पण बघत नाही. माझ्या धाकट्या जावेला वाटलं, मी रागावले आहे. तसं काही नव्हतं. निदान त्या दिवशी नव्हतं.

चष्मा काढावा, तर माणूस दिसायला मान वळवावी लागते, आणि ती फार वेळ वळवून ठेवायची नाही.

याचा उलगडा आमच्या खालच्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांनी केला. भौतिकशास्त्र शिकवत असत. मल्लेश्वरममध्ये सी. व्ही. रामन यांचं ‘पंचवटी’ घर आहे आणि रामन यांचा उल्लेख केल्याशिवाय आमच्या प्राध्यापकांचं प्रकाशाविषयी एकही वाक्य पुरं होत नाही. उतारवयात रामन यांनी माणसाच्या दृष्टीवर पुस्तक लिहिलं, ते १९६८ साली निघालं, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. ते पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, थोडे वाकले आणि म्हणाले, “मला तुमचे डोळे दिसताहेत.” प्रकाश ज्या वाटेने जातो त्याच वाटेने परत येऊ शकतो. मी प्रिझममधून ज्याला बघते त्याला त्याच प्रिझममध्ये माझे डोळे दिसतात, सरळ, समोरासमोर. बाजूला बसलेल्याला दिसत नाहीत.

मग मला महाभारतातला तो प्रसंग आठवला. युद्धाआधी मदत मागायला दुर्योधन आणि अर्जुन दोघेही द्वारकेला जातात. कृष्ण झोपलेला. दुर्योधन आधी पोचलेला असतो, पण तो उशाशी बसतो. अर्जुन पायाशी उभा राहतो. आणि जागा झाल्यावर कृष्णाला आधी अर्जुन दिसतो. लहानपणी यातून आम्हाला नम्रतेचा धडा शिकवलेला. मला आता त्यात निव्वळ बसण्याच्या जागेचा प्रश्न दिसतो.

त्या दिवसापासून खुर्ची पायथ्याशी गेली. व्हाइटफील्डहून मल्लेश्वरमला येणारा माणूस दोन तास रस्त्यात घालवून येतो, तो दहा मिनिटांत उठत नाही. तेवढा वेळ एकमेकांचे डोळे दिसत असले म्हणजे बोलणं निराळं होतं. लोक आजाराविषयी कमी बोलायला लागले, एवढं नक्की. छताकडे बघणाऱ्या माणसाशी बहुतेकजण त्याच्या दुखण्याविषयीच बोलतात.

अडचण आली ती वडीलधाऱ्यांची. वन्सं माझ्यापेक्षा मोठ्या. त्यांच्या दिशेला पाय करून पडायचं, आणि वर त्यांना म्हणायचं, माझ्या पायाशी बसा? त्यांनाही ते रुचेना. पायांवर शाल घातली, खुर्ची जरा कोपऱ्याकडे तिरपी घेतली, आणि त्या बसल्या. पाच मिनिटांनी म्हणाल्या, “अगं, दिसतेस की तू.”

सासूबाई मात्र शेवटपर्यंत उशाशीच बसल्या. त्यांना बघायचं नव्हतंच, हात कपाळावर ठेवायचा होता, आणि तो पायथ्याशी बसून पोचत नाही.

८. खाणं, पिणं, चालणं: चष्मा काढून

पेला तोंडाशी येतो तेव्हा तो प्रिझममध्ये दिसत नाही, समोर दिसतात पावलं. गोळी घेतानाही काढावा. आणि चष्मा लावून उभं राहणं तर नकोच. समोर बघितलं की थेट जमीन दिसते आणि पाऊल कुठे पडतंय ते उमजत नाही.

उभं राहून असला चष्मा वापरणारे लोक आहेत, पण त्यांचा प्रिझम उलट्या दिशेचा असतो. माझा भाचा कंठीरवा स्टेडियममधल्या भिंतीवर आणि सुट्टीत रामनगरच्या कातळांवर चढायला जातो. वर चढणाऱ्याचा दोर खाली ज्याच्या हातात असतो, त्याला सारखं वर बघून मान अवघडते, म्हणून समोर बघता बघता वरचं दाखवणारे चष्मे ही मंडळी लावतात. त्याने माझा चष्मा उलटा धरून बघितला आणि म्हणाला, “मावशी, अगदी हाच!” मान वाचवायला दोन जणांनी एकच युक्ती काढली, एक कड्याखाली उभा आणि एक पलंगावर आडवी.

९. चष्मा चांगला जमला की उठायचा कंटाळा येतो

हे माझ्या फिजिओथेरपिस्टने ओळखलं. तिने सांगितलेला व्यायाम दहाला असला तर माझं पान साडेदहाला संपे. नाक ठीक, मान ठीक, गोष्ट रंगात, मग कशाला उठायचं?

पाठदुखी म्हणजे पडून राहा, हा सल्ला आता जुना झाला. १९८६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास आला होता: साध्या कंबरदुखीच्या काही रुग्णांना दोन दिवस विश्रांती सांगितली, काहींना सात. दोन दिवसवाल्यांची कामावरची गैरहजेरी कमी भरली. बाकी सात दिवसांचा वेगळा फायदा दिसला नाही. दबलेल्या मणक्याचं गणित निराळं, ते डॉक्टरच ठरवणार. पण पडून राहिल्याने स्नायू सुकतात आणि आधीच ठिसूळ झालेलं हाड आणखी ठिसूळ होतं, हे दोन्हीकडे खरं. फिजिओथेरपिस्टने अट घातली की चष्मा पलंगावर ठेवायचा नाही, समोरच्या टेबलावर ठेवायचा. हवा असेल तर ब्रेस बांधून, उठून, चार पावलं चालून आणायचा. दुष्टपणा आहे, पण लागू पडला. गोष्टीच्या ऐन मध्यावर सोडून झोपले की सकाळी चालायला कुणी सांगावं लागत नसे.

सलग अर्ध्या तासाच्या वर लावू नये, हे माझं स्वतःचं. नाकाच्या दोन्ही बाजूंना वळ उठतात आणि वाचताना पापण्या मिटायच्या राहून डोळे कोरडे पडतात. ज्यांचं डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं आहे त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावूच नये.

१०. उसना द्यायचा तर एकटा चष्मा देऊ नये

आता मी बसून वाचते. आमच्या सोसायटीत एकांना घसरून खुब्याला मार लागला, तेव्हा चष्मा त्यांच्याकडे गेला. मग तिथून एका बाळंतीण होऊ घातलेल्या मुलीकडे, जिला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं आहे. नुसता चष्मा दिला की दुसऱ्या दिवशी परत येतो, “काही दिसत नाही हो याच्यातून.” म्हणून पिशवीत बरोबर मलमल, चिमट्यांची जोडी, लिहायचं पॅड, चार्जिंगचा दिवा आणि शिवणाची टेप असते, आणि कन्नडमध्ये लिहिलेली एक चिठ्ठी, जी घरकामाच्या बाईंच्या मुलाने सुवाच्य अक्षरात लिहून दिली. पहिली ओळ उशीची आहे, दुसरी चष्म्याच्या नंबराची, तिसरी खुर्ची कुठे ठेवायची याची.

व्यासपीठ पिशवीत नसतं. ते सासूबाईंनी परत नेलं, पंचा धुऊन त्यावर पुन्हा ज्ञानेश्वरी ठेवली, आणि ज्याला हवं त्याने आपल्या माहेरून आणावं असं सांगितलं.